डिकीत सगळं आहे, पण हाताशी काय?

मे महिन्यातली पहाट. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका घरासमोर गाडीची डिकी उघडी आहे आणि घरातला प्रत्येक जण आतून काही ना काही आणून तिच्यात कोंबतो आहे. पुण्याला भाचीचं लग्न. दोन मोठ्या सुटकेस, तीन बॅगा, आहेराच्या साड्यांचं गाठोडं, फराळाचे डबे, पाण्याचा जार, मुलांच्या सॅक आणि पुण्याच्या मंडळींना जबलपूरची आठवण म्हणून खव्याच्या जिलब्यांचे दोन डबे. डिकी दोनदा उघडते, तिसऱ्यांदा दोघं मिळून ती दाबून बंद करतात. बंपरला लिंबू-मिरची लटकते आहे. आजोबांनी सहाच्या ठोक्याला इन्सुलिन टोचून घेतलं आहे. नाश्ता? तो सिवनीला पोहोचल्यावर. दोन-अडीच तासांचा तर प्रश्न!

तिलवाऱ्याच्या पुलावर सगळ्यांनी नर्मदेला हात जोडले. बरगी गेलं, धूमा गेलं, लखनादौनही मागे पडलं आणि मागचं डावं चाक बसलं.

स्टेपनी डिकीच्या तळाशी. जॅक आणि पाना तिच्याही बाजूच्या खोबणीत. त्यावर सुटकेस, त्यांच्यावर बॅगा, त्यांच्यावर गाठोडं. सगळं सामान रस्त्याच्या कडेला उतरलं. मालमोटारी अंगावरून जाव्यात तशा जात होत्या. वीस मिनिटांनी जॅक हाती आला, तेव्हा स्टेपनीतही हवा नसल्याचं कळलं. तेवढ्यात आजीच्या लक्षात आलं की आजोबा काही बोलत नाहीत. कपाळावर घाम, हात थरथरताहेत, प्रश्नाला उत्तर भलतंच.

‘‘अगं, यांची औषधांची पिशवी कुठे ठेवलीस?’’

‘‘आई, ती मोठ्या निळ्या बॅगेत आहे. ग्लुकोजही त्यातच आहे.’’

निळी बॅग सापडली, तिची चावी सापडेना. शेवटी थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने आपल्या थर्मासमधला गोड चहा पुढे केला. ‘‘पहले बाबूजी को मीठा पिलाओ, पहिया बाद में देखेंगे.’’ पंधरा-वीस मिनिटांनी आजोबा भानावर आले.

प्रसंग निभावला. पण त्या गाडीत काय नव्हतं? जॅक होता, पाना होता, ग्लुकोज होतं, बिस्किटांचे चार पुडे होते, एवढंच काय, लाडवांचा डबाही होता. होतं सगळं, वेळेला हाताशी मात्र काहीच आलं नाही. लांबच्या प्रवासाची यादी करताना बहुतेक घरांत ‘काय काय घ्यायचं’ यावर आठवडाभर चर्चा होते. ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न निघायच्या दहा मिनिटं आधी डिकीपाशी उभं राहून, घाईघाईत सोडवला जातो.

फौजी गाडीचा धडा

जबलपूरकरांना हे नव्याने सांगायला नको. १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, पुढे १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी आली. शक्तिमान ट्रक आणि जोंगा ही लष्कराची दणकट वाहनं याच गावातली. ‘जोंगा’ हे नाव तर ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरूनच पडलं. इथल्या कितीतरी मराठी घरांत कुणाचे तरी सासरे, काका किंवा वडील ‘फॅक्टरीतून’ निवृत्त झालेले असतात. त्यांना विचारून पाहावं, फौजी गाडीत हत्यारांची पेटी कुठे असते? तिची जागा ठरलेली असते. अंधारातही हात बरोबर तिथेच जावा, म्हणून.

घरगुती गाडीलाही हाच नियम लावता येतो. सामानाचे तीन भाग करावेत. जे मुक्कामी पोहोचल्यावरच लागणार आहे ते एक. जे वाटेत, थांबल्यावर लागेल ते दुसरं. आणि जे गाडी चालू असताना किंवा अडचणीच्या पहिल्या पाच मिनिटांत लागेल ते तिसरं. लग्नाच्या साड्या पहिल्या भागात, जेवणाचे डबे दुसऱ्या आणि औषधं, पाणी, टॉर्च, जॅक तिसऱ्या. डिकी भरायची ती याच क्रमाने. तिसऱ्या भागातली एकही वस्तू पहिल्या भागाच्या खाली जाता कामा नये.

स्टेपनी तळाशी असेल तर तिला काही इलाज नाही, पण जॅक, पाना आणि टो करायची कडी तिथून काढून एका कापडी पिशवीत घालता येते. ही पिशवी पुढच्या सीटखाली बसली तर उत्तम, नाहीतर डिकीच्या अगदी दारापाशी. तिच्यातच जुने हातमोजे, एक जुनी चादर (रस्त्यावर गुडघे टेकायला), चाकामागे लावायला लाकडाचा ठोकळा, मजबूत दोरी, जम्पर केबल आणि लाल परावर्तक त्रिकोण. हा त्रिकोण बहुतेक गाड्यांबरोबर मिळतो आणि बहुतेक गाड्यांत तो प्लास्टिकमधून कधी बाहेरच निघालेला नसतो. गाडी बंद पडली की तो निदान ५० मीटर मागे, आणि वेगाच्या महामार्गावर त्याहून बराच दूर ठेवायचा असतो. त्याआधी बायकामुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना रस्त्यापासून लांब, कठड्याच्या पलीकडे उभं करावं. गाडीच्या मागे सामान मांडून त्यावर मुलांना बसवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

टॉर्च वेगळा हवा. मोबाइलचा दिवा आहेच, असं सगळेच म्हणतात. पण एका हातात मोबाइल धरून चाक बदलता येत नाही आणि त्याच मोबाइलवरून मदतीलाही फोन करायचा असतो.

लिंबू-मिरचीच्या आधी हवा

प्रवासाच्या आधी चार-पाच दिवस गाडी एकदा दाखवून आणावी, हे सर्वांना माहीत असतं. ब्रेक, तेल, पाणी, पट्टे पाहिले जातात. राहते ती स्टेपनी. टायरमध्ये हवा किती असावी, हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. तिथे अनेकदा दोन आकडे असतात. एक दोघा-तिघांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघायचं तर दुसरा आकडा धरायचा. हवा टायर थंड असताना, म्हणजे निघतानाच, तपासायची. दोनशे किलोमीटर पळालेल्या टायरची हवा तापून वाढलेली दिसते, म्हणून ती कमी करून घेणं ही मोठी चूक.

टायरचं वयही वाचता येतं. त्याच्या बाजूवर चार अंकी संख्या कोरलेली असते. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी कमी फिरते म्हणून टायर नवाच दिसतो, रबर मात्र आतून कडक होत असतं. नव्या गाड्यांत स्टेपनी काही वेळा इतर चाकांपेक्षा बारीक असते. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, सहसा ताशी ८० किलोमीटर. ती लावून नेहमीच्या वेगाने पुढचे पाचशे किलोमीटर जायचं नसतं, जवळच्या गावात मूळ चाक दुरुस्त करून घ्यायचं असतं. काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते, फक्त पंक्चर काढायचं साहित्य असतं. आपल्या गाडीत नेमकं काय आहे, हे निघण्याच्या आदल्या दिवशी घराच्या अंगणात पाहिलेलं बरं. एकदा चाक बदलूनही पाहावं. घरातल्या बाईनेही. नवऱ्याची पाठ धरली असेल त्या दिवशी ही विद्या उपयोगी पडते.

वजनाचा हिशेब सहसा कुणी करत नाही. लहान गाडी माणसं आणि सामान मिळून साधारण चारशे-साडेचारशे किलो पेलते (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो). पाच मोठी माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर सव्वातीनशे किलो तिथेच संपले. उरले शंभराच्या आसपास. त्यात दोन भरलेल्या सुटकेस, पाण्याचा जार आणि आहेराची स्टीलची भांडी! जड वस्तू खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकून ठेवाव्यात. छपरावर कॅरिअर बांधायचं झालं तर त्यावर गाद्या, उशा, कपड्यांच्या बॅगा अशा हलक्या वस्तूच जाव्यात. वर वजन असलं की गाडी वळणावर डोलते.

ज्यांच्या गाडीत सीएनजीची टाकी आहे त्यांना अर्धी डिकी आधीच गेलेली असते. त्यांनी टणक सुटकेसचा मोह सोडून मऊ बॅगा घ्याव्यात. टाकीच्या भोवतीच्या खाचांत त्या बसतात.

मागच्या काचेजवळच्या फळीवर सामान रचायची सवय मात्र सर्वांनीच सोडायला हवी. ताशी पन्नासच्या वेगात गाडी कशावर आदळून थांबली, तर तिथली लिटरभराची पाण्याची बाटली वीस किलोच्या धोंड्यासारखी पुढे येते, ती थेट मागे बसलेल्यांच्या मानेवर. स्टीलचा डबा तर विचारूच नका. म्हणूनच मागच्या सीटवरही पट्टा हवा. पट्टे उशांखाली दडपून वर चादर अंथरलेल्या गाड्या रस्त्यावर अजूनही दिसतात. चौदा वर्षांखालच्या मुलांनाही पट्टा किंवा मुलांची वेगळी सीट कायद्याने सक्तीची आहे. पुढे आईच्या मांडीवर बाळ, ही तर सर्वांत वाईट जागा. समोरची एअरबॅग उघडली तर तिचा पहिला तडाखा त्यालाच बसणार.

आजोबांची पिशवी

आता पुन्हा त्या निळ्या बॅगेकडे. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेलं कुणी असेल तर त्यांची औषधं डिकीत जाताच कामा नयेत. एक लहान, उघडी, बिनकुलपाची पिशवी. ती त्यांच्या पायाशी किंवा पुढच्या सीटच्या मागच्या खिशात. प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि एका कागदावर औषधांची नावं, वेळा, रक्तगट, घरच्या डॉक्टरांचा फोन. पिशवी कुठे आहे, हे गाडीतल्या प्रत्येकाला माहीत असावं, दहा वर्षांच्या नातवालासुद्धा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी निघणं हीच त्या दिवशीची खरी चूक होती, पंक्चर नव्हे. नाश्ता सिवनीला करायचा बेत कागदावर ठीक असतो. रस्ता बेत पाळत नाही. रेल्वे फाटक, वळवलेली वाहतूक, बसलेलं चाक, काहीही आडवं येतं. इन्सुलिन घ्यायचं तर घरीच खाऊन निघावं, आणि प्रवासाच्या दिवशी वेळा कशा बदलायच्या हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं. साखर उतरल्याची लक्षणं, म्हणजे घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं, दिसली की लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावं. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच, आणि मग पोळी किंवा बिस्किटं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी सरळ इस्पितळ गाठावं.

इन्सुलिनचं आणखी एक. बाहेर ४२ अंश असताना उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या आत तासाभरात तापमान साठीच्या आसपास जातं. जेवायला थांबताना औषधांची पिशवी गाडीत राहिली तर इन्सुलिनचं काम संपलं. ते खाली उतरताना बरोबर घ्यावं. थंड राहावं म्हणून ते बर्फाला चिकटवून ठेवणंही चुकीचं, कारण गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये किंवा त्यासाठी मिळणाऱ्या खास थैलीत, रुमालात गुंडाळून ते नीट राहतं. डॅशबोर्डवर पॉवर बँक, लायटर, अत्तराचा फवारा ठेवू नये, तोही याच कारणासाठी. आणि गाडीत झोपलेलं मूल ‘पाच मिनिटं’ तसंच ठेवून कुणीही चहा प्यायला उतरू नये.

प्रथमोपचाराची पेटी गाडीबरोबर आलेली असते, पण ती उघडून पाहावी. पट्ट्यांचा गोंद वाळलेला आणि मलमाची मुदत संपलेली निघते. तिच्यात ताप-वेदनेची गोळी, जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं, गॉज, चिकटपट्टी, कात्री, जंतुनाशक आणि ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी असावी. ही गोळी कुरईच्या घाटात उमासे सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही, ती निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसावं, लांबवर पाहावं, मोबाइलमध्ये डोकं घालू नये. आलेपाकाची वडी तोंडात असली की बऱ्याच जणांना बरं वाटतं. कागदी पिशव्या मात्र जवळ ठेवाव्याच, त्या वेळेला डिकीत शोधता येत नाहीत.

शिदोरी आणि तहान

आपल्याकडे प्रवासाच्या शिदोरीचं शास्त्र जुनं आहे आणि ते अजूनही खोटं ठरलेलं नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी. गूळपोळी, लाडू, शंकरपाळे, भडंग. हे सगळं हाताने, गाडीत न सांडता खाता येतं. उन्हाळ्यात ओल्या नारळाची चटणी, दहीभात, उसळ आणि अंड्याचे पदार्थ घेऊ नयेत, दुपारपर्यंत त्यांचा भरवसा नाही. पोळ्या गरम असतानाच डब्यात बंद केल्या की वाफेने भिजतात आणि लवकर आंबतात, त्या आधी निवू द्याव्यात. पहिल्या जेवणाचा डबा वेगळा, वर. सगळं अन्न एकाच मोठ्या डब्यात नेलं की प्रत्येक वेळी सगळंच उघडावं लागतं.

आणि ती खव्याची जिलबी! तिचा पाक कुठल्याही डब्यातून वाट काढतो. न्यायचीच असेल तर दुहेरी प्लास्टिकमध्ये, आणि साड्यांच्या गाठोड्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी लांब.

पाण्याचा प्रश्न निराळा आहे. पाणी सगळेच घेतात, पण घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं ते पीत नाहीत. कारण सर्वांना ठाऊक असतं, उघड कुणी बोलत नाही. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने सासूबाई सकाळपासून घोटभर पाण्यावर असतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. मूत्रविसर्जनाच्या त्रासांना आणि उष्माघाताला यातूनच वाट मिळते. पाण्यात काटकसर करण्यापेक्षा थांबे ठरवावेत. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, मग कुणाला लागलेली असो वा नसो. घरच्या कर्त्या पुरुषाने ‘अजून पन्नास किलोमीटर मारू’ म्हणू नये. लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती त्या दिवशी कधी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारता येतं. या थांब्यांसाठी एक पिशवी बायकांच्या हाताशी हवी. साबणाचे कागद, पाण्याची वेगळी बाटली, टिश्यू, सॅनिटरी पॅड, जुनी वर्तमानपत्रं, कचऱ्याची पिशवी, सहज पायात सरकवता येतील अशा चपला. थांबल्यावर पाय मोकळे करावेत. तासन् तास पाय लोंबते ठेवून बसल्याने म्हाताऱ्या माणसांच्या पायांना सूज येते आणि क्वचित रक्ताची गुठळीही होते.

ड्रायव्हरसाठीही हाच थांबा. जबलपूर–नागपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. पूर्वी हा सगळा राष्ट्रीय महामार्ग सात होता, वाराणसी ते कन्याकुमारी जाणारा. २०१० मध्ये क्रमांक बदलले. आता लखनादौनपर्यंत ३४ आणि तिथून पुढे ४४. जुने लोक अजूनही ‘सातनंबरी’ म्हणतात. सिवनीनंतर खवाशाकडे पेंचचं जंगल लागतं. इथे रस्ता काही ठिकाणी उंचावून त्याखालून वाघ-हरणांना वाट करून दिली आहे. या टापूत फोटोसाठी उतरू नये, प्राण्यांना खायला टाकू नये आणि जमेल तितकं दिवसाउजेडी पार व्हावं. मोबाइलला प्रत्येक ठिकाणी रेंज असेलच असं नाही.

नागपूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी समृद्धी महामार्ग धरला, तर प्रश्न उलटा होतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला, पुणेकर मंडळी छत्रपती संभाजीनगरजवळ त्यावरून उतरतात. तिथे खड्डे नाहीत, गाव नाही, वळणही फारसं नाही. ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे आणि सरळ रस्त्याची गुंगी आहे. जुना टायर आणि झोपाळू डोळे, दोन्ही इथेच दगा देतात. पेट्रोल, पाणी आणि जेवण आधीच पाहून चढावं, कारण हवं तिथे उतरता येत नाही. गाडी चालवणाऱ्याशेजारी जागा राहील असा माणूस बसवावा. गाण्याच्या भेंड्या चालतील, घोरणारा शेजारी नको.

दागिने आणि ओळखीचे अनोळखी

लग्नाला निघायचं म्हणजे दागिने आलेच. ते चार बॅगांत विभागून ठेवले की सुरक्षित, असा एक समज आहे. प्रत्यक्षात कुठला कशात आहे हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. एकाच लहान पर्समध्ये, एकाच जबाबदार व्यक्तीकडे आणि ढाब्यावर उतरताना बरोबर, हा मार्ग बरा. गाडीच्या साध्या विम्यात गाडीतलं वैयक्तिक सामान सहसा धरलेलं नसतं, हेही लक्षात असावं. आणि ढाब्यावरच्या गप्पांत ‘लग्नाला चाललोय, पुण्याला, रात्री नागपूरला अमुक हॉटेलात’ असं सगळं सांगून टाकायची गरज नाही.

या मुलखाला तो धडा जुना आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन याचं ठाणं जबलपूरलाच होतं, कटनी जिल्ह्यातलं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. ठग वाटेवर वाटसरूंना गाठत, गोड बोलून त्यांचे सोबती होत आणि विश्वास बसला की घात करत. १८२२ ते १८२४ या काळात स्लीमन नरसिंहपूरला अधिकारी होता. त्याच्या कचेरीपासून काही पावलांवरच्या कंदेलीत ठगांची टोळी राहत होती आणि त्याला पत्ता नव्हता, हे त्याने स्वतःच पुढे नोंदवून ठेवलं आहे. आजचा रस्ता तसा नाही. थर्मास घेऊन धावणारे ट्रक ड्रायव्हरच जास्त भेटतात. तरी मदत घेणं वेगळं आणि घरची सगळी माहिती देणं वेगळं.

कागदपत्रांचं थोडक्यात. परवाना, नोंदणी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण मोबाइलची बॅटरी उतरली की डिजिलॉकरही उतरतं. म्हणून छापील प्रती गाडीच्या कप्प्यात ठेवाव्यात. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे आहेत ना, ते आदल्या रात्रीच पाहावं. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, इतर कुठल्याही संकटात ११२. हे दोन्ही आकडे आणि विमा कंपनीचा मदत क्रमांक कागदावर लिहून समोरच्या काचेच्या पडदीत खोचून ठेवावेत. थोडी रोकड, सुटे पैसे आणि गाडीची दुसरी किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी पर्समध्ये. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात घेऊन फिरणारे लोक कमी नाहीत.

गाडी आदल्या संध्याकाळी भरावी. पहाटे अंधारात, अर्धवट झोपेत भरलेल्या डिकीत जॅक नेहमी तळाशीच जातो. भरून झाल्यावर एक चाचणी घ्यावी. घरातल्या कुणालाही सांगावं, ‘टॉर्च आण, औषधांची पिशवी आण, जॅक काढ.’ तिन्ही वस्तू दोन मिनिटांत, एकही बॅग न उतरवता आल्या तर गाडी नीट भरली आहे. नाही आल्या तर पुन्हा उपसून भरायला रात्र आहे.

परतीचं सामान मात्र नेहमी जास्त असतं. आहेर, मुलांची खेळणी, मावशीने बळेच दिलेली लोणच्याची बरणी आणि मे महिना असल्याने पुण्याहून आंब्याच्या दोन पेट्या. त्यामुळे निघतानाच डिकीचा थोडा भाग रिकामा ठेवावा. आंब्याच्या पेट्यांना वारा लागतो, त्यांच्यावर काही रचता येत नाही, म्हणून त्या सगळ्यांत वर जातात. वर म्हणजे सुटकेसवर. हत्यारांच्या पिशवीवर नव्हे.